दोहोंपैकीं एक एंजिन बंद पडल्यास

अहिल्यानगर जिल्ह्यांत काकडी येथें १ ऑक्टोबर २०१७ पासून शिर्डीचा विमानतळ चालू आहे. दोन एंजिनांचें लहान विमान दिसलें कीं आम्हांस वाटे, एक बंद पडलें तरी दुसरें आहेच! खरी गोष्ट निराळी आहे. जोडींतील डावा बैल अडला व उजवा ओढीत राहिला, तर गाडी डावीकडे वळते; विमानही तसेंच बंद एंजिनाकडे फिरूं लागतें. वैमानिकानें तत्काळ चालू बाजूचा पाय रोवून सुकाणू दाबावें, विमान त्याच बाजूस किंचित् कलतें ठेवावें आणि बंद पंख्याचीं पातीं वळवून त्यांची धार वाऱ्यासमोर आणावी. शक्ति निम्मीच जाते. पण विमान नुसतें तोलून धरण्यास लागणारी शक्ति वजा जातां चढण्यास फारच थोडी उरते. त्यांत आमच्याकडील उन्हाळ्याची विरळ हवा! वेगदर्शकावरील तांबड्या रेषेखालीं वेग उतरला, कीं सुकाणू पुरें पडत नाहीं व विमान उलटूं लागतें. अशा वेळीं नाक खालीं करून चालू एंजिनाचाच जोर कमी करावा लागतो. जमीन जवळ दिसत असतां हातास हें रुचत नाहीं. म्हणून शिकाऊ वैमानिकांकडून तें पुरेशा उंचीवर पुनःपुन्हा करवून घेतात.