रोजची जीवनसत्त्वाची गोळी : कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

अहवालाच्या या पानांवर दरवर्षी आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाचे विवेचन करावे, अशी आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदाचा विषय आम्हांस बाह्यरुग्ण विभागात नव्हे, तर कार्यालयातील टेबलावर सापडला. अहवाल वर्षात एक हितचिंतक आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ देणगी देण्यासाठी आले. रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक गरजू रुग्णास महिनाभर पुरतील एवढ्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या मोफत द्याव्यात, अशी त्यांची इच्छा होती. हेतू उदात्त होता आणि रक्कमही लहान नव्हती. पावतीपुस्तक आम्ही जवळ ओढलेही होते, हे प्रांजळपणे कबूल करतो. त्याच वेळी काही कामानिमित्त कार्यालयात आलेल्या आमच्या वरिष्ठ फिजिशियननी सहज विचारले, "पण या गोळ्या कोणत्या आजारावर द्यायच्या?" उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि देणगीदारांपाशीही नव्हते.

आम्ही वैद्यकाचे नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. तेव्हा पुढे जे लिहीत आहोत ते आमच्या डॉक्टरांना वारंवार विचारून, त्यांच्याकडून तपासून घेऊन लिहिले आहे. जमाखर्चाची दृष्टी मात्र आमची आहे.

जीवनसत्त्वांचा शोध लागला तो निरोगी माणसास अधिक धडधाकट करण्याच्या प्रयत्नातून नव्हे, तर आजारी माणसास बरे करण्याच्या धडपडीतून. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील शल्यवैद्याने स्कर्व्हीने जर्जर झालेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री व लिंबे ज्यांना मिळाली, ते झपाट्याने सुधारले. 'व्हिटॅमिन' हा शब्द कासिमिर फुंक यांनी 1912 मध्ये घडविला. परंतु आपणां महाराष्ट्रीयांस जवळची वाटावी अशी गोष्ट मुंबईत घडली. ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर 1928 मध्ये भारतात आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका प्राणघातक रक्तक्षयाचा अभ्यास त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत राहून केला. यीस्टच्या स्वस्त अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. तेच आजचे फॉलिक ॲसिड होय. आज जगभर गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या एका गोळीचे मूळ असे परळच्या गिरणगावात आहे.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान दिसते. शरीरात काहीतरी कमी होते, ते भरून काढले आणि आजार हटला. कमतरता नसताना तेच द्रव्य अधिक दिले तर अधिक लाभ होईल, असे यातून सिद्ध होत नाही. खात्यात रक्कम कमी असेल तर भरणा करावा लागतो, हे आम्हांस ठाऊक आहे. शरीराचे खाते मात्र बँकेसारखे नाही. ब गटातील बहुतेक जीवनसत्त्वे व क जीवनसत्त्व गरजेपेक्षा अधिक झाले की बरेचसे लघवीवाटे निघून जाते. अ, ड, ई व के ही चरबीत विरघळणारी असल्याने त्यांपैकी अ आणि ड यांचा अतिरिक्त साठा शरीरास बाधतो.

निरोगी व्यक्तींनी रोज अशी गोळी घेतल्यास काय होते, याचा शोध गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर घेण्यात आला. 1994 मध्ये फिनलंडमधील 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गाजरातील बीटा कॅरोटिन गोळीच्या रूपाने दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो 18 टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच एका चाचणीत 1996 मध्ये तेच दिसले आणि चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. 2011 मध्ये ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने पुरुषांतील प्रोस्टेटचा कर्करोग कमी न होता 17 टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले.

उलट बाजूही सांगणे न्याय्य ठरेल. पन्नाशी ओलांडलेल्या 14,641 अमेरिकी पुरुष डॉक्टरांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चाचणीत रोज मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण 8 टक्क्यांनी कमी दिसले, हृदयविकारावर मात्र काही परिणाम झाला नाही. हा निष्कर्ष 2012 चा आहे. साठीनंतरच्या व्यक्तींच्या स्मरणशक्तीस थोडा लाभ होतो, असेही अलीकडच्या एका चाचणीत आढळले. पुढे 2024 मध्ये 3,90,124 निरोगी व्यक्तींच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे इतरांपेक्षा अधिक जगले, असे काही दिसले नाही. थोडक्यात, पोटभर व चौरस आहार घेणाऱ्या निरोगी माणसास या गोळीपासून मोठा लाभही नाही आणि साध्या मात्रेत मोठा धोकाही नाही. खर्च मात्र निश्चित आहे.

ही संशोधने बहुतांशी सधन देशांतील आहेत, हे विसरून चालणार नाही. आपल्या परिसरातील रुग्णांवर ती जशीच्या तशी लावणे म्हणजे दुसऱ्याच्या ताळेबंदावरून आपला नफा काढण्यासारखे होईल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. येथे प्रश्न "गोळी हवी की नको" असा नसून "कोणास, कोणती, किती दिवस" असा आहे.

अहवाल वर्षातील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. वीटभट्टीवर काम करणारी एक स्त्री सातव्या महिन्यात धाप लागते म्हणून आणली गेली. हिमोग्लोबिन सहाच्या घरात होते. यजमानांनी पिशवीतून टॉनिकच्या तीन बाटल्या काढून दाखविल्या. गावातील दुकानदाराने "ताकदीचे" म्हणून दिलेल्या त्या बाटल्यांवर आठवड्याची मजुरी खर्च झाली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या घरी फळीवर तशाच पडून होत्या. त्या घेतल्या की मळमळते आणि शौचास काळे होते, म्हणून ती घाबरली होती. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्यात भिण्यासारखे काही नाही, जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, एवढे दोन शब्द तिला कोणी सांगितले नव्हते. आमच्या सिस्टरनी सांगितले, "ताई, ही गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या." तिला शिरेतून लोह द्यावे लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली. तीन बाटल्यांचे पैसे अर्थातच परत आले नाहीत.

शासनाच्या कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून किमान 180 दिवस रोज 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी घ्यावयाची असते आणि प्रसूतीनंतरही तितकेच दिवस. फॉलिक ॲसिड तर गर्भ राहण्यापूर्वीच सुरू करणे इष्ट होय, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते, आणि तोवर अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे कळलेलेही नसते. नवजात बालकास के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे डोस आणि क्षयरोगाच्या औषधांसोबत ब6 या गोष्टी ऐच्छिक नाहीत. त्यांत काटकसर करण्याचा सल्ला आम्ही कोणास देणार नाही.

शाकाहारी कुटुंबांनी ब12 कडे विशेष लक्ष द्यावे. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. मांस, मासे, अंडी व काही प्रमाणात दूध-दही हेच त्याचे स्रोत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी 2006 मध्ये पुणे परिसरातील पुरुषांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब12 कमी आढळले. सर्वांत अधिक कमतरता होती ती शहरी मध्यमवर्गात, म्हणजे ज्यांच्या घरी अन्नाची ददात नव्हती अशांत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ते कमी होते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे आपण वयावर ढकलतो आणि तोवर मज्जातंतूंची हानी होत राहते. केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्ताचे आकडे सुधारतात व ब12 ची कमतरता झाकली जाते, ही त्यातील मोठी मेख आहे. अशा रुग्णास बारा-पंधरा घटकांच्या मिश्र गोळीतील अल्पशी मात्रा पुरेलच असे नाही. त्यास ब12 च, योग्य मात्रेत, तपासणी करून द्यावे लागते.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो. आमच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षापासून ज्येष्ठ रुग्णांना घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून आणण्यास सांगण्यास प्रारंभ केला. एका निवृत्त शिक्षक दांपत्याच्या पिशवीतून परदेशस्थ मुलाने पाठविलेल्या बाटल्या, शेजाऱ्यांनी सुचविलेले कॅल्शियम, केसांसाठीचे बायोटिन आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्या असे बरेच काही निघाले. बाई थायरॉइडची गोळी व कॅल्शियम एकाच घोटाबरोबर घेत असत. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या औषधाचे शोषण अडवतात, म्हणून त्यांत चार तासांचे अंतर हवे. औषधाची मात्रा वाढवूनही गुण का येत नव्हता, याचा उलगडा असा झाला. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला आहे. तेव्हा रक्त देण्यापूर्वी ते घेत असल्यास प्रयोगशाळेस अवश्य सांगावे. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. गुरुजी ती रोज घेत होते. असे दीर्घकाळ चालल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत वेळ येते. त्यांच्या बाबतीत हे वेळीच ध्यानात आले. रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेली कोणतीही गोळी परस्पर सुरू करू नये. गरोदर स्त्रियांनी अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा कटाक्षाने टाळावी, कारण त्याने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते.

डब्यावर काय छापले आहे, तेही वाचण्याची सवय लावावी. पुष्कळशी पूरके औषधाच्या नव्हे, तर खाद्यपदार्थाच्या परवान्यावर विकली जातात. त्यांवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असतो आणि औषधी वापरासाठी नाही, अशा अर्थाची इंग्रजी सूचना बारीक अक्षरांत असते. अशा उत्पादनांना औषधांच्या किंमत नियंत्रणाची कमाल मर्यादा लागू होत नाही. दुकानाच्या दर्शनी फळीवर तीच का मांडलेली असतात, हे आम्हां जमाखर्चवाल्यांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. प्रथिनांच्या पावडरीबाबत तर राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत ती टाळण्याचाच सल्ला दिला आहे. डाळ-भात, उसळ, अंडे, शेंगदाणे यांतून ती गरज स्वस्तात भागते.

मग निर्णय कसा करावा? आमच्या डॉक्टरांची रीत साधी आहे. रुग्णाने "डॉक्टर, ताकदीचे काहीतरी लिहून द्या" म्हटले की ते प्रथम काल दिवसभरात काय खाल्ले, ते विचारतात. नंतर वय, गरोदरपण, शाकाहार, चालू औषधे, पूर्वीची पोटाची शस्त्रक्रिया, मद्यपान यांची चौकशी करतात. शंका आली तरच रक्त तपासतात, आणि गोळी लिहिली तर ती कधी थांबवायची, तेही केसपेपरवर लिहितात. थकवा हा क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड वा नैराश्य यांचाही असू शकतो. टॉनिकच्या बाटलीने त्या निदानास दोन-तीन महिन्यांचा उशीर होतो, आणि तो उशीर बाटलीच्या किमतीहून महाग पडतो.

देणगीदारांना आम्ही हे सर्व सांगितले. प्रारंभी ते किंचित नाराज झाले. गोळ्यांच्या वाटपाचा फोटो निघतो, रक्ततपासणीच्या कागदाचा निघत नाही, हे आम्हीही जाणतो. दोन आठवड्यांनी ते पुन्हा आले आणि त्यांच्या वडिलांच्या नावे निधी स्थापन करण्यास त्यांनी संमती दिली. गरजू गरोदर स्त्रिया व ज्येष्ठ रुग्ण यांची हिमोग्लोबिन आणि, डॉक्टरांनी सांगितल्यास, ब12 ची तपासणी त्यातून विनामूल्य होते, आणि कमतरता आढळल्यास नेमके तेच औषध दिले जाते.

विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने रुग्णालयाच्या औषध दुकानातून चिठ्ठीवाचून टॉनिक व मिश्र जीवनसत्त्वांची विक्री करणेही आम्ही बंद केले आहे. सोबतच्या उत्पन्न-खर्च पत्रकात औषध दुकानाच्या उत्पन्नात जी घट दिसते, तिचे हे एक कारण होय. लेखापरीक्षकांस तसा लेखी खुलासा देण्यात आला आहे.