गढूळ पाणी निवळायला किती वेळ लागतो?

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यात माणिकगडच्या डोंगरात जिवती तालुका आहे. इथे दोन गोष्टी एकमेकींना लागून आढळतात: बेसाल्ट खडकापासून झालेली काळी, चिकण माती आणि अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचून झालेला चुनखडक. गडचांदूर परिसरातील सिमेंट कारखान्यांसाठी तालुक्यातल्या कुसुंबी-नोकारी भागात हा चुनखडक खणला जातो.

खडकापर्यंत पोचायचे तर आधी वरची झाडे, गवत आणि माती काढावी लागते. काढलेल्या मातीचे ढिगारे बाजूला रचतात. शेजारच्या राजुरा तालुक्यातील कोळसा खाणींतही असेच ढिगारे असतात. खाणीतले लोक त्यांना ‘ओबी’ म्हणतात. या भागात वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चारच महिन्यांत. उघड्या मातीवर पडलेले हे पाणी कुठे जाणार आणि बरोबर काय नेणार? वाट उताराची आहे. ओढे, खालची शेते, त्याखालची धरणे आणि शेवटी वर्धा-पैनगंगेचे पात्र. शेतात बसलेला गाळ पिकाची मुळे गुदमरवतो, ओढ्यात बसलेला गाळ पात्र उथळ करतो.

यावर नेहमीचे उत्तर असते, “खाली एक तळे बांधा, गाळ त्यात बसेल.” हे उत्तर कितपत पुरेसे आहे, ते हिशेब करून पाहू.

स्थिर पाण्यात कण किती वेगाने खाली जातो, याचा नियम १९व्या शतकात स्टोक्स या शास्त्रज्ञाने मांडला. कणाचा व्यास दहापट कमी झाला तर त्याचा वेग शंभरपट कमी होतो. दोन मीटर खोल तळे घेऊ. ०.१ मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण सुमारे चार मिनिटांत तळाशी जातो. ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला सहा तास लागतात. ०.००१ मिलिमीटरच्या चिकण मातीच्या कणाला मात्र सुमारे २६ दिवस! आणि काळ्या मातीत चिकण मातीचाच वाटा मोठा असतो.

आता पाण्याकडे वळू. एका हेक्टरवर १० मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होते. समजा खाण ५० हेक्टरांची आहे, एका तासात २५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले निम्मे पाणी वाहून तळ्यात आले. म्हणजे तासाला ६२५० घनमीटर पाणी. पोयट्याचा कण तासाला सुमारे ३२ सेंटीमीटर खाली जातो. तो बसायचा असेल तर तासाभरात आलेल्या पाण्याचा तळ्यावर होणारा थर ३२ सेंटीमीटरपेक्षा जाड असता कामा नये. त्यासाठी सुमारे दोन हेक्टरांचे तळे हवे. हे जमण्यासारखे आहे. पण चिकण मातीसाठी याच्या शंभरपट, म्हणजे २०० हेक्टरांचे तळे लागेल. खाणीच्या चौपट!

मग तळे खोल करावे का? खोली दुप्पट केली तर पाणी दुप्पट वेळ थांबते, पण कणालाही दुप्पट अंतर कापावे लागते. गाळ साठवायला जागा जास्त मिळते, एवढाच फायदा. निवळण्यासाठी महत्त्वाचा असतो तो तळ्याचा पसारा.

यातून एकच निष्कर्ष निघतो. चिकण माती एकदा पाण्यात मिसळली की तिला तळ्यात पकडणे अवघड, म्हणून ती मिसळूच द्यायची नाही. पाणलोटाच्या कामातला ‘माथा ते पायथा’ हा मंत्र इथेही लागू पडतो. सर्वांत आधी, वरच्या जंगलातून येणारे स्वच्छ पाणी खाणीत शिरू न देता भोवती माळेसारखा चर खणून बाजूने ओढ्याकडे न्यायचे. त्यामुळे गढूळ पाण्याचे प्रमाणच घटते. मग ढिगाऱ्याला पायऱ्या पाडून उतार तोडायचा आणि त्यावर पहिल्या पावसाआधी सुपीक माती पसरून गवत लावायचे. पावसाच्या थेंबाचा मार मातीला सुटे करतो. गवताचे पाते तो मार झेलते. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी दगडी भिंत हवी, म्हणजे घसरलेली माती तिथेच थांबेल. खाणीच्या खड्ड्यात साचलेले पाणी काही दिवस निवळू द्यावे आणि पंपाने तळातून न उपसता वरच्या थरातून उपसावे. एवढे केल्यावर उरलेल्या गाळासाठी तळे. तेही दरवर्षी मृगाच्या आधी उपसलेले हवे. गाळाने भरलेले तळे नुसते नावाला तळे असते.

तरीही उरलेल्या चिकण मातीवर एक घरगुती उपाय आहे. तिचे कण ऋण विद्युतभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतले धन भारित आयन हा भार कमी करतात, कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि मोठे झाल्यामुळे लवकर बसतात. निवळीच्या बिया उगाळून पाणी स्वच्छ करण्याची जुनी पद्धतही कण असे एकत्र आणण्यावरच आधारलेली आहे.

हे वर्गात सहज दाखवता येईल. तीन सारख्या पारदर्शक बाटल्यांत पाणी घ्या. एकीत बारीक वाळू, दुसरीत काळी माती, तिसरीत काळी माती आणि चिमूटभर तुरटीची पूड टाका. हलवून ठेवा आणि मागे धरलेली छापील अक्षरे केव्हा वाचता येतात, त्याची वेळ मुलांना नोंदवायला सांगा. दुसऱ्या प्रयोगात दोन पसरट ट्रे तिरपे ठेवा, एकात उघडी माती, दुसऱ्यात गवताची ढेकळे. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी शिंपडून खाली आलेले पाणी ताडून पाहा.

शाळेजवळ खाण असेल तर पावसाळ्यात गावच्या ओढ्याचे पाणीही दर आठवड्याला, त्याच जागी, तारीख लिहिलेल्या बाटलीत भरून ठेवता येईल. खाणीच्या वरच्या बाजूची एक बाटली आणि खालच्या बाजूची एक. दोन्हींतला गाळ सारखाच असेल, तर वरची व्यवस्था काम करते आहे. खालच्या बाटलीत दर वेळी जास्त गाळ बसत असेल, तर चर, गवत, भिंत आणि तळे यांपैकी नेमके काय कमी पडले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला मुलांनी नोंदवलेल्या त्या तारखा उपयोगी पडतील.