ट्रकच्या केबिनमध्ये किटली, मिक्सर आणि रात्रीचा पंखा

आष्ट्यातून बोलतोय. प्रश्न आलाय इथल्याच एका ड्रायव्हर दोस्ताचा: "केबिनमध्येच झोपतो, इन्व्हर्टर लावून इंडक्शन चालवू का?" पेठ नाक्यावरून पुणे-बेंगळुरू हायवेला लागणारे आपल्याकडचे कितीतरी जण दिवसच्या दिवस केबिनमध्ये काढतात, तेव्हा जरा नीटच बघू.

मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. झाले २४ व्होल्ट. प्रत्येकी १५० अँपिअर-अवर धरा. २४ गुणिले १५०, म्हणजे ३६०० वॉट-तास. घरच्या मीटरवर साडेतीन युनिट. पण ही बॅटरी इंजिनला झटका द्यायला बनवलीय, हळूहळू रिकामी व्हायला नाही. फार उपसलीत तर पहाटे स्टार्टर नुसता कुरकुरतो. मी तिसरा हिस्साच धरतो: १२०० वॉट-तास.

आता गंमत बघा. एक लिटर पाणी उकळायला साधारण १०० वॉट-तास लागतात. २० वॉटचा पंखा आठ तास फिरला तर १६०. म्हणजे पंखाच जास्त खातो! मग किटलीची भीती कशाला? करंटची. १५०० वॉटची किटली २४ व्होल्टवर ६२ अँपिअर मागते, इन्व्हर्टरचा तोटा धरून ७० च्या आसपास. लायटरच्या सॉकेटमागची वायर एवढ्यासाठी नसतेच. ती तापते, वरचं प्लॅस्टिक वितळतं, आणि मागे बर्थवर माणूस झोपलेला असतो.

म्हणून इन्व्हर्टरची जाड तांब्याची केबल थेट बॅटरीवर. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला चिकटूनच हवा, इन्व्हर्टरपाशी नको. मधे केबल चासीला घासली तर वाचवणारा तोच. मिक्सरवर ५०० वॉट लिहिलेलं असलं तरी सुरू होताना तो दुप्पट-तिप्पट ओढतो. ६०० चा इन्व्हर्टर तिथेच बसतो.

अजून एक सर्रास चालणारा प्रकार: टेपसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचे. एक बॅटरी अर्धपोटी, दुसरी ओव्हरचार्ज, आणि जोडी लवकर मरते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा, एवढंच.

एसीचं काय? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ३.५ टनांवरच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे. चांगलंच झालं. पण हा एसी सहसा इंजिनवर चालतो. इंजिन बंद, गारवा बंद. घरातला हजार वॉटचा एसी आपला १२०० चा साठा तासाभरात संपवेल. रात्री २४ व्होल्टचा पंखाच बरा, तोही इन्व्हर्टरशिवाय थेट.

तर दोस्ता, इंडक्शन हवंच असेल तर ८०० वॉटवर, इंजिन चालू असताना, आणि आधी अल्टरनेटर किती अँपिअरचा ते बघून. इंजिन चालू म्हणजे गाडी उघड्यावर आणि काचा खाली. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. बंद केबिनमधल्या छोट्या गॅस शेगडीलाही हेच लागू.