उतारावरचा चौक: सिएनाच्या काम्पोची साडेआठ शतके

इटलीच्या तोस्काना प्रांतातले सिएना शहर तीन टेकड्यांच्या धारांवर वसले आहे. या तिन्ही धारा जिथे एकत्र येतात, तिथे मधोमध एक उतरती जागा आहे. तीच पियाझ्झा देल काम्पो. सिएनाचे लोक तिला नुसते ‘काम्पो’ म्हणतात, म्हणजे शेत किंवा मैदान. शहरातला सर्वांत महत्त्वाचा चौक सपाट नाही, चौकोनी नाही आणि त्यात कॅथीड्रलही नाही. कॅथीड्रल तिथून काही अंतरावर, वरच्या टेकडीवर आहे. पसरट शिंपल्याच्या आकाराची ही विटांची फरसबंदी वरच्या कडेकडून एका बिंदूकडे उतरत जाते आणि त्या बिंदूजवळ नगरसभागृहाची इमारत उभी आहे. युरोपातील मध्ययुगीन चौकांमध्ये काम्पोचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते ते या एकसंधपणामुळे. तो आपोआप आलेला नाही. तेराव्या आणि चौदाव्या शतकांत सिएनाच्या नगरराज्याने नियम, पैसा आणि चिकाटी यांच्या बळावर तो घडवून आणला.

बाराव्या शतकात ही जागा वस्तीच्या बाहेरची होती. टेकड्यांवरचे पावसाचे पाणी इथे वाहून येई आणि आजूबाजूच्या वस्त्यांचा बाजारही इथेच भरे. 1169च्या सुमारास नगराने ही जमीन आपल्याकडे घेतल्याचे उल्लेख मिळतात. पुढे भिंत घालून वरचा भाग खालच्या भागापासून वेगळा करण्यात आला. वरचा भाग काम्पो झाला, तर खालच्या भागात बाजार राहिला आणि आजही त्या जागेला बाजारचौक असेच नाव आहे. या जागेचे राजकीय महत्त्वही मोठे होते. शहराचे चित्ता, कामोल्लिया आणि सान मार्तिनो हे तीन विभाग आपापल्या टेकडीला धरून होते. काम्पो यांपैकी एकाचाही नव्हता, म्हणूनच तो तिघांचा होऊ शकला.

उत्तर युरोपातून रोमला जाणारा फ्रान्चिजेना हा यात्रामार्ग सिएनातून जात असे. यात्रेकरूंमागोमाग व्यापार आला आणि व्यापारातून सावकारी वाढली. तेराव्या शतकात सिएनाच्या पेढ्या पोपच्या दरबाराचे आर्थिक व्यवहार सांभाळत होत्या. 4 सप्टेंबर 1260 रोजी मोन्तापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सचा मोठा पराभव केला, मात्र 1269मध्ये कोल्ले दी वाल देल्सा येथे पारडे उलटले. त्या लढाईत पडलेला सिएनाचा पुढारी प्रोव्हेन्झानो साल्व्हानी याची एक हकिकत दान्तेने आपल्या महाकाव्यात घेतली आहे. कैदेत पडलेल्या मित्राची खंडणी भरता यावी म्हणून हा गर्विष्ठ सरदार भर काम्पोत हात पसरून उभा राहिला होता. शहरातली सर्वांत उघडी जागा कोणती, हे त्या काळच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नव्हते.

1287मध्ये सत्ता ‘नऊ जणांच्या’ सरकारकडे गेली. व्यापारी आणि सावकार वर्गातून निवडलेले नऊ जण दोन महिन्यांपुरता कारभार पाहत आणि त्या काळात सभागृहातच मुक्काम करत. जुन्या सरदार घराण्यांना या पदावर बसता येत नसे. ही व्यवस्था 1355पर्यंत, म्हणजे जवळजवळ सात दशके टिकली. मध्ययुगीन इटलीतले नगरराज्यांचे डाव पाहता हा काळ बराच मोठा म्हणावा लागतो. आज दिसणाऱ्या काम्पोचा बराचसा भाग याच राजवटीत उभा राहिला.

1297चे वर्ष त्यात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी नगराने ठराव केला, की काम्पोच्या बाजूला नवी इमारत बांधणाऱ्याने खिडक्यांना छोटे स्तंभ ठेवावेत आणि बाहेर झुकणारे सज्जे काढू नयेत. सज्जे नसल्यामुळे चौकाची कड स्वच्छ राहिली आणि सारख्या घडणीच्या खिडक्यांमुळे वेगवेगळ्या मालकांची घरे एकाच भिंतीसारखी दिसू लागली. सामान्य घरमालकाच्या खिडकीचा आकार सर्वांच्या चौकाचा विषय मानणारा हा नियम युरोपातल्या नगररचनेच्या सुरुवातीच्या नियमांत गणला जातो. त्याचा परिणाम सान्सेदोनी घराण्याच्या वाड्यात उत्तम दिसतो. लाल विटांची ही इमारत चौकाच्या कडेनुसार वळत जाते आणि तिच्यावर तीन-तीन कमानींच्या खिडक्यांच्या रांगा आहेत. या वाड्याच्या बांधकामाचा 1340चा करार दर्शनी भागाच्या रेखाचित्रासह आजही उपलब्ध आहे. करार आणि आराखडा एकत्र टिकून राहिल्याचे इतके जुने उदाहरण युरोपात विरळाच.

ठरावाच्या सुमारासच पालाझ्झो पुब्लिको, म्हणजे नगरसभागृह, बांधायला सुरुवात झाली. 1310च्या आसपास नऊ जण तिथे राहायला गेले. खालचा मजला फिकट दगडाचा आणि वरचे मजले विटांचे आहेत. मधला भाग उंच, तर दोन्ही बाजूंचे पंख आधी ठेंगणे होते. पंखांवरचा वरचा मजला 1680-81मध्ये चढवला, तोही जुन्या खिडक्यांची घडण तशीच ठेवून. इमारतीचा दर्शनी भाग किंचित आत वळलेला आहे. चौकाच्या गोलाईला उत्तर देणारे हे वळण चटकन लक्षात येत नाही, पण सगळी जागा बांधून ठेवण्याचे काम तेच करते. खिडक्यांच्या कमानींत सिएनाचे काळे-पांढरे नगरचिन्ह बसवलेले आहे.

सभागृहाच्या आत राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी जी चित्रे काढून घेतली, ती चौकाइतकीच बोलकी आहेत. 1315मध्ये सिमोने मार्तिनीने सिंहासनावर बसलेल्या मेरीचे भव्य भित्तिचित्र रंगवले. त्यावरच्या मजकुरात मेरी शहराच्या कारभाऱ्यांना न्यायाने वागण्याचा इशारा देते. 1338-39मध्ये आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने नऊ जणांच्या बैठकीच्या दालनात सुशासन आणि कुशासन यांची चित्रमालिका केली. त्यात न्यायदेवतेकडून निघालेली दोरी एकोप्याच्या देवतेकडे जाते आणि तिच्याकडून रांगेत चालणाऱ्या 24 नागरिकांच्या हाती येते. एकोप्याच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, उंचसखलपणा काढून टाकणारा. शेजारच्या भिंतीवर सुशासनात नांदणारे शहर दिसते. दुकाने उघडी आहेत, तरुण मंडळी फेर धरून नाचत आहेत, गाढवांवरून माल येतो आहे आणि वर छपरापाशी गवंडी भिंत चढवत आहेत. शहर सतत बांधले जात असणे हे या राजवटीच्या दृष्टीने सुशासनाचेच लक्षण होते. धर्माऐवजी नागरी कारभार हा विषय घेऊन केलेले एवढे मोठे चित्र त्याआधी युरोपात कोणी केल्याचे दिसत नाही.

1338मध्येच सभागृहाच्या कडेला मनोरा उभारायला सुरुवात झाली आणि 1348मध्ये तो पूर्ण झाला. विटांचा सडपातळ, सरळ चढत जाणारा बुंधा आणि वर फिकट दगडाचा मुकुट अशी त्याची रचना आहे. मुकुटाचा आराखडा चित्रकार लिप्पो मेम्मीचा मानला जातो. उंची सुमारे 87 मीटर असून वर जायला 400 पायऱ्या आहेत. हा मनोरा चौकाच्या सर्वांत खालच्या टोकाशी आहे, तरी त्याचे शिखर टेकडीवरच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्याला बरोबरीने गाठते. नगरसत्ता आणि धर्मसत्ता समान असल्याचे हे प्रतीक असे पुष्कळ जण मानतात. मनोऱ्याला नाव मात्र मिळाले ते पहिल्या घंटानादकाचे. जोव्हान्नी दी दुच्चो हा कमाई उधळून टाकणारा म्हणून प्रसिद्ध होता. त्यावरून पडलेल्या त्याच्या टोपणनावातले ‘मांजा’ मनोऱ्याला चिकटले आणि तो तोर्रे देल मांजा झाला.

फरसबंदीचे काम 1349मध्ये पुरे झाले. उभ्या धारेवर बसवलेल्या विटा तिरप्या गुंफणीत मांडल्या आहेत आणि फिकट ट्रॅव्हर्टिन दगडाच्या आठ पट्ट्यांनी त्यांचे नऊ भाग केले आहेत. हे नऊ भाग म्हणजे नऊ जणांच्या सरकारची खूण. पट्ट्या सभागृहासमोरच्या सर्वांत खोल जागेकडे जातात आणि तिथे पावसाचे पाणी ओढून घेणारे दगडी तोंड आहे. शोभा आणि पाण्याचा निचरा ही दोन्ही कामे एकाच आखणीने साधली आहेत. विटा काळाच्या ओघात बदलल्या गेल्या, आखणी मात्र कायम राहिली. विटांचा रंग या परिसराच्या मातीचा आहे. चित्रकारांच्या रंगपेटीतला ‘बर्न्ट सिएना’ हा तांबूस तपकिरी रंगही याच मातीवरून ओळखला जातो.

मनोरा आणि फरसबंदी पुरी होत असतानाच 1348ची प्लेगची साथ आली. शहरातली निम्मी किंवा त्याहून अधिक माणसे तिच्यात गेली असावीत. आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याची नोंद आन्योलो दी तुरा या बखरकाराने केली आहे. आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीही बहुधा याच साथीत वारला. कॅथीड्रलचा अवाढव्य विस्तार अर्धवट सोडावा लागला आणि त्याच्या भिंती आजही तशाच उभ्या आहेत. वाचलेल्यांनी मेरीला केलेला नवस म्हणून मनोऱ्याच्या पायथ्याशी 1352 ते 1376 या काळात छोटी उघडी प्रार्थनावेदी उभी राहिली. तिचा वरचा भाग आन्तोनियो फेदेरीगीने पुढच्या शतकात नव्या, रेनेसान्स शैलीत केला. 1355मध्ये सम्राट चौथा चार्ल्स शहरात आला असता उठाव होऊन नऊ जणांची सत्ता गेली. पुढच्या राज्यकर्त्यांनी चौकातली त्यांची खूण पुसली नाही.

टेकडीवरच्या सिएनाला नदी नाही. पाणी आणले ते ‘बोत्तीनी’ नावाच्या, हाताने खोदलेल्या भुयारी पाटांतून. त्यांची एकूण लांबी सुमारे 25 किलोमीटर भरते. 1342मध्ये पाणी काम्पोपर्यंत पोहोचले तेव्हा शहराने मोठा उत्सव केला आणि तिथल्या कारंज्याला फोन्ते गाया, आनंदाचे कारंजे, हे नाव पडले. याच काळात जमिनीतून व्हीनसची प्राचीन मूर्ती सापडली आणि ती कौतुकाने कारंज्यावर बसवली गेली. पुढे मात्र शहरावरची संकटे तिच्यामुळेच ओढवली असा समज झाला आणि 1357मध्ये ती उतरवण्यात आली. ती फोडून तुकडे फ्लॉरेन्सच्या हद्दीत पुरले, असे शिल्पकार गिबेर्तीने लिहून ठेवले आहे.

कारंज्याचे नवे रूप याकोपो देल्ला क्वेर्चाने 1419मध्ये पूर्ण केले. तीन बाजूंनी संगमरवरी भिंत असलेला हा आयताकृती हौद आहे. मध्यभागी मेरी आणि बाल येशू, दोन्हीकडे सद्गुणांच्या मूर्ती, टोकांना आदमची निर्मिती आणि स्वर्गातून हकालपट्टीचे प्रसंग. पुढच्या खांबांवर रिया सिल्विया आणि आक्का लारेन्तिया या रोमच्या आद्यकथेतल्या दोन मातांच्या मूर्ती होत्या, कारण सिएनाचे लोक आपले मूळ रेमसच्या मुलांपर्यंत नेतात. या कामामुळे शिल्पकाराला ‘कारंजेवाला याकोपो’ असे नाव मिळाले. ऊन-पाऊस आणि गर्दी यांनी शिल्पे झिजली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात तितो सार्रोक्कीने त्यांची प्रतिकृती केली. चौकात आज दिसते ती हीच. रोमच्या दोन माता तिच्यात नाहीत. मूळ शिल्पे सान्ता मारिया देल्ला स्काला या जुन्या रुग्णालयाच्या संग्रहालयात आहेत आणि झिजलेल्या अवस्थेतही त्यांतली ताकद प्रतिकृतीपेक्षा कितीतरी जास्त जाणवते.

1420च्या दशकात संत बेर्नार्दिनो काम्पोत प्रवचने देत असे. 1427ची त्याची प्रवचने बेनेदेत्तो नावाच्या एका कापड कातरणाऱ्या कारागिराने शब्दशः टिपून घेतली, त्यामुळे त्या काळची बोलती भाषा आणि श्रोत्यांना अधूनमधून दिलेले टोमणे आजही वाचता येतात. सभागृहाच्या माथ्यावरची येशूच्या नावाची सूर्यचक्रांकित तबकडी ही त्याच्याच प्रवचनांची आठवण आहे.

1554मध्ये स्पेनच्या आणि फ्लॉरेन्सच्या फौजांनी शहराला वेढा घातला. सव्वा वर्षाच्या उपासमारीनंतर एप्रिल 1555मध्ये सिएनाने शरणागती पत्करली आणि दोन वर्षांनी शहर कोसिमो दे मेदिची याच्या ताब्यात गेले. सभागृहावर मेदिचींचे चिन्ह लागले. राज्य गेल्यानंतर शहराची सामूहिक ऊर्जा खेळांत उतरली. काम्पोत आधी बैलांचे आणि म्हशींचे खेळ झाले, मग सतराव्या शतकाच्या मध्यापासून पालिओ ही घोड्यांची शर्यत इथे स्थिरावली. मेदिचींच्या वतीने कारभार पाहणाऱ्या बव्हेरियाच्या व्हिओलान्ते बेआत्रिचेने 1729मध्ये ‘कोन्त्रादा’ म्हणजे 17 पेठांच्या हद्दी ठरवून दिल्या. त्या आजही जवळजवळ तशाच आहेत.

या चौकाने क्रौर्यही पाहिले. जून 1799मध्ये फ्रेंच सत्तेविरुद्ध उठलेल्या ‘विवा मारिया’च्या जमावाने सिएनाच्या ज्यू वस्तीवर हल्ला केला आणि 13 जणांना काम्पोत जाळले. काम्पोच्या सौंदर्याची वर्णने या घटनेला बहुधा वगळतात, ते योग्य नाही.

पालिओ दरवर्षी 2 जुलै आणि 16 ऑगस्ट रोजी होते. फरसबंदीच्या कडेने पिवळसर माती अंथरून दाबली जाते, 17पैकी 10 पेठांचे घोडे खोगिराविना धावतात आणि तीन फेऱ्या दीड मिनिटाच्या आसपास संपतात. स्वार पडला तरी घोडा जिंकू शकतो. सान मार्तिनोच्या उतरत्या वळणावर गाद्या लावलेल्या असतात, कारण घोडे घसरण्याचा धोका तिथे सर्वाधिक. घोड्यांच्या जिवाचा प्रश्न प्राणिमित्र संघटनांनी लावून धरला आहे, आणि परंपरेचा आधार घेऊन तो बाजूला सारता येणारा नाही. शर्यतीच्या वेळी प्रेक्षक मधल्या विटांवर विनामूल्य उभे राहतात. शिंपल्याच्या उतारामुळे कडेने धावणारे घोडे आतूनही दिसतात.

दुसऱ्या महायुद्धात 1940 ते 1944 ही पाच वर्षे शर्यत झाली नाही. 1945च्या ऑगस्टमध्ये नेहमीच्या शर्यतींखेरीज शांततेसाठी एक खास पालिओ झाली. 1960च्या दशकात सिएनाने जुन्या शहरातून मोटारी बाहेर काढल्या. असे करणाऱ्या इटलीतल्या पहिल्या शहरांत त्याची गणना होते, आणि काम्पो पुन्हा पायी चालणाऱ्यांचा झाला. 1995मध्ये युनेस्कोने सिएनाच्या ऐतिहासिक भागाला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. करोनामुळे 2020 आणि 2021 मध्ये पालिओ रद्द झाली. 2 जुलै 2022 रोजी ती पुन्हा काम्पोत झाली.