चिखलाचे मोल

सन १८३५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाचा एक तिशीचा सभासद, आपल्या मेहुण्याने एक लाख डॉलर मोजून खरेदी केलेल्या जमिनीची व्यवस्था लावण्यासाठी मिशिगन सरोवराकाठच्या शिकागो नामक वसाहतीत उतरला, तेव्हा पावसाने भिजलेल्या त्या दलदलीत पाय रुतू लागताच त्याने मेहुण्याला लिहून कळविले, की हा व्यवहार शुद्ध मूर्खपणाचा झाला. या गृहस्थाचे नाव विल्यम बटलर ऑग्डेन. पाण्याचा निचरा करून, रस्ते आखून, भूखंड पाडून त्याने लिलाव पुकारला, आणि एकतृतीयांश जमिनीतच मेहुण्याची सारी रक्कम वसूल झाली!

त्याच्या पुढील चरित्राचा मूळ धागा मात्र त्या लिलावाहून थोडा जुना आहे. आल्बनी येथील न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात तो निवडून गेला होता, तो ईरी रेल्वेला सरकारी साहाय्य मिळवून देण्याच्या आग्रहाने. जमिनीचे मोल मातीत नसून तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या वाटेत असते, हे त्याला त्या वेळीच उमगले असावे. शिकागोत स्थायिक झाल्यावर १८३७ साली तो त्या नगराचा पहिला नगराध्यक्ष झाला. रस्ते व पूल यांचा त्याने हिरिरीने पुरस्कार केला, आणि त्यांतील पुष्कळसे त्याच्याच भूखंडांचे भाव वाढविणारे होते, हे सांगितलेच पाहिजे. आज याला हितसंबंधांचा गुंता म्हणतील; त्या काळी त्यालाच कर्तृत्व म्हणत.

परंतु त्याच वर्षी बाजार कोसळून सावकारांचे तगादे सुरू झाले आणि कर्जवसुलीचे दावे न्यायालयांनी काही काळ तहकूब ठेवावेत अशी मागणी भर सभेत होऊ लागली, तेव्हा नगराध्यक्षाच्या नात्याने त्याने तिला कसून विरोध केला; शहराची पत एकदा गेली तर मागाहून कोणी दमडीही उसनी देणार नाही, असा त्याचा कौल होता. तो स्वतःही त्या मंदीत कर्जाखाली दबलेला होता, म्हणून त्याच्या या भूमिकेला मी अधिक मान देतो.

पुढे शिकागोहून गॅलेना गावाकडे नेण्याच्या रेल्वेसाठी पूर्वेकडील धनिक हात आखडता घेऊ लागले, तेव्हा ऑग्डेन एका वकील सहकाऱ्यासह नियोजित मार्गाकडेच्या गावोगाव फिरला आणि शेतकऱ्यांच्या गळ्यात भाग बांधून आला. गव्हाच्या गाड्या चिखलातून हाकून जेरीस आलेल्या त्या लोकांना नफ्यातोट्याचे गणित समजावून सांगण्याची गरजच नव्हती. १८४८ च्या ऑक्टोबरात ‘पायोनियर’ नावाचे जुने, वापरलेले इंजिन शिकागोहून धावले. ते आजही तेथील वस्तुसंग्रहालयात आहे. १८६० मध्ये ऑग्डेन इलिनॉय राज्याच्या सिनेटवर निवडून गेला आणि १८६२ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेचा पहिला अध्यक्ष झाला. ही पदे मोठी खरी, पण त्या भाग-विक्रीच्या भ्रमंतीपुढे मला फिकी वाटतात.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागो पेटले. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो हे गाव, जेथे त्याच्या लाकडाच्या गिरण्या होत्या, वणव्यात बेचिराख झाले. तेथे हजाराहून अधिक माणसे मेली. एका रात्रीत दोन्ही ठिकाणची त्याची मालमत्ता राख झाली, आणि सहा वर्षांनी, १८७७ मध्ये, न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. शिकागोच्या उत्तर भागातील त्या जळिताच्या ऐन मध्यभागी त्याचा भाऊ मेहलन याचे घर मात्र आश्चर्यकारकरीत्या वाचले; त्याच जागेवर आज न्यूबेरी ग्रंथालय उभे आहे.