मोटारीतील नादव्यवस्था : लेखांक ४ – आधी दरवाजा, मग स्पीकर

गेल्या लेखांकात, कारखान्यातून बसून येणाऱ्या स्टिरिओच्या शक्तीचा हिशेब आपण तपशिलाने पाहिला. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या सुमारे १४.४ व्होल्टच्या दाबावर आणि ४ ओहमच्या स्पीकरवर, खोक्यावर छापलेले ‘५० वॉट’ हे ध्वनिलहरीचा आकार पार चौकोनी होईपर्यंत, म्हणजे गायकाचा गळा पुरता चिरकून जाईपर्यंत आवाज चढवला तरच साध्य होतात, आणि स्वच्छ आवाजासाठी दर वाहिनीला प्रत्यक्षात १८ ते २० वॉटच काय ते हाती राहतात, असे त्या हिशेबातून निष्पन्न झाले. त्यावर सहज सुचणारा इलाज म्हणजे अधिक शक्तीचा अॅम्प्लिफायर घ्यावा आणि डिकीत एक वूफर ठेवून द्यावा. बाजारात चौकशीला गेलेल्या गृहस्थाला बहुधा हाच क्रम सुचवला जातो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. ज्याला आपल्या हातांनी, मर्यादित खर्चात, मोटारीतले गाणे ऐकण्याजोगे करावयाचे आहे, त्याने पहिला रुपया आणि पहिला रविवार दरवाजावर खर्च करावा. कारण ज्या दरवाजात आवाज जिरून जातो, त्यात १८ वॉट ओतले काय आणि ६० वॉट ओतले काय, जिरण्याचे प्रमाण तेवढेच राहते.

हे जिरणे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. स्पीकरचा शंक्वाकृती पडदा जेव्हा पुढे सरकतो, तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकच पडदा एकाच वेळी परस्परविरुद्ध अशा दोन लहरी निर्माण करीत असतो. या दोन लहरींची गाठ पडू न देणे, हे स्पीकर ज्या पेटीत बसवतात त्या पेटीचे पहिले कर्तव्य होय. घरातल्या स्पीकरला सुताराने सांधे बुजवून केलेली लाकडी पेटी मिळते. मोटारीतल्या स्पीकरच्या वाट्याला मात्र दरवाजा येतो, ज्याच्या आतल्या पत्र्याला काचेची यंत्रणा बसवण्यासाठी आणि दुरुस्तीचा हात आत जाण्यासाठी मोठमोठी भगदाडे ठेवलेली असतात, आणि ती झाकायला असते एक पातळ प्लॅस्टिक. उंच स्वरांना याची फारशी बाधा होत नाही. ५००० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ७ सेंटिमीटर असते, आणि अशी लहर स्पीकरच्या कडेला वळसा घालून मागे जात नाही. परंतु १०० हर्ट्झची लहर सुमारे साडेतीन मीटर, आणि ५० हर्ट्झची जवळजवळ ७ मीटर लांब असते. तिच्यापुढे दरवाजाची कड म्हणजे अडथळाच नव्हे. पुढची लहर आणि भगदाडातून आलेली मागची लहर एकमेकींना भेटतात आणि परस्परांना रद्द करतात. पखवाजाचा धूम किंवा तबल्याच्या डग्ग्याची घुमार मोटारीत ऐकू येत नाही, ती या कारणाने. आणि म्हणूनच बासचे बटण कितीही फिरवले तरी हाती लागतो तो फक्त पत्र्याचा खडखडाट.

मिरजेचा तंबोरा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ठाऊक असेल की तारांचा क्षीण झंकार दिवाणखानाभर पोहोचवतो तो त्याचा भोपळा. तेव्हा दरवाजालाही तसेच घुमू द्यावे, असा समज होणे अस्वाभाविक नाही. परंतु दोहोंची कामगिरी परस्परविरुद्ध आहे. भोपळ्याने स्वर निर्माण करण्यात भाग घ्यावयाचा असतो. दरवाजाने मात्र संपूर्ण मौन पाळावयाचे असते, कारण त्याच्या पत्र्याने स्वतःचा म्हणून जो काही आवाज काढला, तो गाण्यात नसलेला आवाज होय. तेव्हा दरवाजाची कामे दोन: बाहेरच्या पत्र्याचे कंपन शमवणे आणि आतल्या पत्र्याची भगदाडे बंद करणे.

प्रत्यक्ष हात घालण्यापूर्वी एक खबरदारी, आणि ती मी सर्वांत अगत्याने सांगत आहे. काही गाड्यांत बाजूने धडक बसल्याची वर्दी एअरबॅगच्या नियंत्रकाला देण्यासाठी दरवाजाच्या पोकळीतल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. दरवाजा चेपला की तो दाब एकाएकी वाढतो, आणि त्या वाढीवरून एअरबॅग फुगवण्याचा निर्णय होतो. अशा दरवाजाची भोके बुजवणे, नवी पाडणे किंवा त्यातला स्पीकर बदलणे हा जीवरक्षक यंत्रणेत केलेला हस्तक्षेप ठरतो. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका यासाठी अवश्य वाचावी, आणि तीत तसा इशारा असल्यास आजच्या लेखातला सर्व मजकूर त्या गाडीपुरता रद्दबातल समजावा. इतर गाड्यांतही बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी, काही मिनिटे थांबावे, आणि पिवळ्या रंगाच्या कपलरला, जो बहुधा एअरबॅगचा असतो, हात लावू नये.

डोअर पॅड काढणे हे कौशल्याचे नसून धीराचे काम आहे. स्क्रू दडलेले असतात ते दरवाजा ओढण्याच्या खोबणीच्या तळाशी, आतल्या खिटीच्या मागे आणि कित्येकदा आरशामागच्या त्रिकोणी तुकड्याखाली. ते सर्व निघाल्याखेरीज पॅड ओढू नये. नंतर खालच्या कोपऱ्यापासून प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने एकेक क्लिप उचकटीत वर यावे, पॅड काचेच्या फटीतून वर उचलावे, आणि काचेच्या बटणांचा कपलर व खिटीची केबल सोडवल्यावरच ते दूर करावे. चार-दोन क्लिपा तुटतीलच. त्या जास्तीच्या आणून ठेवणे बरे.

आता कंपन शमवण्याचा पत्रा, ज्याला दुकानात डॅम्पिंग शीट म्हणतात. हा ब्युटाइल रबराचाच घ्यावा. डांबराचा पत्रा स्वस्त मिळतो, पण विदर्भातल्या उन्हाळ्यात उभ्या असलेल्या मोटारीचा पत्रा जितका तापतो, तितक्या तापात डांबर मऊ होऊन सुटते आणि त्याची दुर्गंधी गाडीत कायमची वस्तीला येते. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू स्पिरिटने पुसून, स्पीकरच्या पाठीमागच्या भागापासून आरंभ करून, मोकळ्या सपाट पत्र्याचा चतुर्थांश ते तृतीयांश भाग झाकला आणि रोलरने कसून दाबला की कंपनाचा पुष्कळसा बंदोबस्त होतो. संपूर्ण पत्रा मढवल्याने लाभ थोडा वाढतो आणि बिजागरीवरचा भार मात्र बराच वाढतो. बोटाने टिचकी मारून आधीचा आणि नंतरचा आवाज ऐकावा, म्हणजे किती पुरे याचा अंदाज आपोआप येतो.

आतल्या पत्र्याची भगदाडे बुजवताना मात्र काटकसर करू नये. मोठ्या भगदाडावर नुसते ब्युटाइल ताणून चिकटवले तर ते काही दिवसांनी लोंबते आणि स्वतःच थरथरू लागते. म्हणून त्या आकाराचा अॅल्युमिनियमचा तुकडा कापून स्क्रूंनी बसवावा आणि कडेने ब्युटाइल लावावे, जेणेकरून पुढे काचेची मोटर बिघडली तर तो उघडता येईल. येथे पावसाचा विचार अपरिहार्य आहे. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरतच असते आणि तळाच्या भोकांवाटे बाहेर पडते. मूळचे प्लॅस्टिक असते ते हे पाणी पॅडवर आणि पायाखालच्या गालिच्यावर येऊ नये म्हणून. ते काढले तर त्याच्या जागी आलेले आवरण तितकेच जलरोधक असले पाहिजे, आणि तळाची भोके कोणत्याही सबबीवर बुजवता कामा नयेत. एमडीएफची स्पीकर-रिंग कोकणातल्या एकाच पावसाळ्यात फुगते व स्क्रूंची पकड सोडते. प्लॅस्टिकची किंवा चांगल्या वॉटरप्रूफ प्लायची, रंग देऊन पक्की केलेली रिंग घ्यावी. तिची जाडी ठरवण्यापूर्वी काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरच्या चुंबकाला किती जागा उरते ते मोजावे.

स्पीकरच्या निवडीबद्दल येथे थोडक्यात लिहितो. वॉटचा आकडा बाजूला ठेवून संवेदनशीलतेचा आकडा पाहावा, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात ते. कारखान्याचा स्पीकर दिसायला गरीब असला, तरी त्याचा कागदी पडदा हलका असतो आणि थोड्या शक्तीवर बोलतो; त्याच्या जागी ३०० वॉटची चिठ्ठी लावलेला, जड पडद्याचा, ८६ डेसिबलचा स्पीकर बसवला तर मूळ स्टिरिओवर आवाज कमीच येण्याचा संभव अधिक, कारण दर ३ डेसिबलची तूट भरून काढायला शक्ती दुप्पट लागते. अॅम्प्लिफायर पुढे कधीतरी घ्यावयाचा असेल, तर आज स्पीकर ९० डेसिबलच्या वरचाच घ्यावा. तारा बदलण्याचे कारण नाही. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, जाऊन-येऊन ६ मीटर धरली, तरी तिचा रोध सुमारे ०.२ ओहम भरतो आणि ४ ओहमच्या स्पीकरवर होणारा तोटा अर्ध्या डेसिबलहूनही कमी असतो. मूळ तार न कापता गाडीला जुळणारा कपलर आणून जोडणी करावी. वॉरंटीच्या दृष्टीनेही हेच शहाणपणाचे.

जोडणी उलटसुलट झाली आहे काय, हे दीड व्होल्टच्या साध्या सेलने तपासता येते. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर टेकवले की पडदा पुढे सरकला पाहिजे. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला, तर डावीकडची आणि उजवीकडची खर्जाची लहर एकमेकींना खाऊन टाकते, आणि दरवाजावर केलेले सर्व श्रम व्यर्थ जातात.

पॅड परत बसवण्याआधी आतल्या केबली आणि खिटीच्या दांड्या फेल्टच्या टेपने गुंडाळाव्यात. मग मोबाइलवरून ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच स्वर वाजवावा, आणि जेथे खडखड ऐकू येईल तेथे तळहात दाबून तिचा उगम शोधावा.

दोन्ही पुढचे दरवाजे एकाच दिवशी उरकण्याचा मोह होईल, पण तो आवरावा असे मी सुचवतो. प्रथम डाव्या बाजूचा दरवाजा सिद्ध करावा, त्यात मूळचाच स्पीकर परत बसवावा, आणि परिचयाचे एखादे गाणे लावून बॅलन्सचे बटण डावीकडून उजवीकडे फिरवीत ऐकावे. दोन्हीकडे स्पीकर तोच, शक्ती तीच, आणि फरक पडतो तो केवळ दरवाजाचा. तो फरक स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर नवे स्पीकर तूर्त घ्यावेत की पुढे ढकलावेत, याचा निर्णय ज्याचा त्याला करता येईल. अॅम्प्लिफायरची मुख्य तार, बॅटरीपासून हातभराच्या आत बसवावयाचा फ्यूज आणि गेनच्या बटणाची योग्य जुळणी हे पुढच्या आठवड्याचे विषय.