तापणारी शहरं (लेखांक 6) : गच्ची, कोबा आणि माती

मागच्या लेखांकात पश्चिमेकडच्या भिंतींचा विचार केला. इमारतीला सर्वांत जास्त ऊन सोसावं लागतं ते मात्र डोक्यावर. मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य भर दुपारी जवळजवळ माथ्यावर असतो. भिंतींवरून ऊन तिरकं निघून जातं, गच्चीवर ते सरळ कोसळतं. स्लॅब आणि त्यावरचा कोबा दिवसभर ही उष्णता साठवत राहतात आणि ती खालच्या खोलीत उतरायला काही तास लागतात. म्हणून बाहेर वारा सुटलेला असतानाही शेवटच्या मजल्यावर रात्री दहा वाजता पंखा गरम हवाच खाली ढकलतो. यावर गच्चीत बाग करू, असं कुणी म्हटलं की सोसायटीच्या सभेत दोन तट पडतात. एकाला ती बाग म्हणजे फुकटचा एसी वाटते, दुसऱ्याला गळतीचं आमंत्रण. गंमत अशी, की दोघांच्या मनातली बाग वेगवेगळी असते. पहिला परदेशातल्या सलग हिरव्या छपराचे आकडे सांगतो आणि दुसरा समोरच्या कुंड्यांखाली साचलेलं पाणी दाखवतो.

हे आकडे कुठून आले ते आधी पाहू. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2000 ते 2002 या काळात ओटावा इथे एकाच छपराचे दोन सारखे भाग केले. एक नेहमीसारखा उघडा ठेवला, दुसऱ्यावर 15 सेंटिमीटर हलकी माती पसरून रानफुलं आणि गवत लावलं. ऊन, पाऊस, वारा दोन्हीकडे तोच. थराथरांत तापमापक बसवलेले. उन्हाळ्यात उघड्या भागातला जलरोधक पडदा 70 अंशांपर्यंत तापला, मातीखालचा 25 अंशांच्या आसपास राहिला. पण यापेक्षाही बोलका आकडा दिवस-रात्रीतल्या चढउताराचा आहे. उष्ण महिन्यांत उघड्या पडद्याचं तापमान रोज साधारण 45 अंशांनी वरखाली होत होतं, मातीखाली फक्त 6 अंशांनी. ओटावा बर्फाळ गाव आहे आणि तिथलं छप्पर आपल्या कोब्यासारखं नसतं, हे खरंच. तरीही पदार्थाचं प्रसरण देश पाहून होत नाही. पृष्ठभागाचं तापमान 30 अंशांनी बदललं, तर 10 मीटर लांबीचा काँक्रीटचा मोकळा थर सुमारे 3 मिलिमीटरनी लांबतो किंवा आखडतो. प्रत्यक्षात तो मोकळा नसतो, कठड्यांत अडकलेला असतो. मग हा ताण बाहेर पडतो गच्ची आणि कठडा जुळतो तिथल्या वाट्यावर. रोज उन्हात ताणलेला, रात्री आखडलेला हा वाटा काही वर्षांनी केसाएवढा फुटतो आणि पुढच्या जूनमध्ये खालच्या घरात छताचे पोपडे पडू लागतात.

म्हणजे गळतीचं एक मोठं कारण ऊन आहे आणि सलग मातीचा थर त्यापासून संरक्षण देतो. ‘सलग’ हा शब्द इथे निर्णायक आहे. चार फुटांवर एक अशा ठेवलेल्या कुंड्या गच्चीचा थोडासाच भाग झाकतात. मधला कोबा तसाच तापतो, आणि सावली-उन्हाच्या सीमेवर तर शेजारशेजारचे दोन तुकडे वेगवेगळे प्रसरण पावतात. शिवाय कुंडीचा तळ गच्चीला चिकटलेला असला, तर खालची जागा कायम ओली राहते आणि सुटून आलेली माती पावसाळी पाण्याच्या पाइपाची जाळी बंद करते. दुसऱ्या तटाची तक्रार इथे रास्त आहे, फक्त आरोपी चुकलाय. झाडं स्लॅब फोडत नाहीत. तुंबलेलं पाणी आधीच पडलेली भेग शोधतं. कठड्यातून उगवणारा पिंपळ पाहा: तो बागेतून आलेला नसतो, पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं बी गळक्या पाइपाजवळच्या फटीत रुजतं, आणि ती फट दुर्लक्षानेच रुंदावलेली असते. बाग करण्यापूर्वी गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून पाहणं, वाटा दुरुस्त करणं, मुळं अडवणारा थर आणि पाणी वाहून नेणारा थर घालणं, हा खर्च टाळून केलेली बाग मात्र खरोखरच गळती लपवते. वर हिरवळ छान दिसत असते आणि खाली ओल कुठून येते ते कुणाला सापडत नाही.

वजनाचा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. भारतीय मानकानुसार लोकांच्या वावराच्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो चल भार धरतात. बागेतली साधी माती भिजल्यावर दर घनमीटरला 1800 किलोच्या आसपास जाते. म्हणजे तिचा 15 सेंटिमीटर थर 270 किलो. हिशेब इथेच संपतो. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. खाऱ्या हवेत सळ्या गंजलेल्या इमारतीवर ते न करता माती चढवणं हा शुद्ध अविचार. नवी इमारत असेल तर हा भार आराखड्यातच धरता येतो. जुनी पण सुदृढ असेल, तर माती कमी करावी लागते. त्याची वाट महाराष्ट्रात फार पूर्वी दाखवली गेली आहे: श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि कुजलेला ओला कचरा यांवर भाजी पिकवण्याची पद्धत रुजवली, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली. हे मिश्रण मातीहून बरंच हलकं असतं, मात्र भिजल्यावरचं वजनच मोजायचं, हे विसरून चालत नाही.

आता ‘फुकटच्या एसी’कडे. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास 0.67 युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. दिवसाला दर चौरस मीटरमागे 4 लिटर पाणी उडालं, तर 100 चौरस मीटर बागेला 400 लिटर लागतात, तेही नेमके टँकरच्या दिवसांत. यात फुकट काहीच नाही. मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करून उरलेलं पाणी असतं, ते वापरलं तरच हे गणित जमतं. फायदाही इमारतीच्या उंचीवर ठरतो. सिंगापूरमधल्या एका पाच मजली व्यापारी इमारतीचं 2003 मध्ये संगणकीय गणित मांडलं गेलं, तेव्हा वर्षाच्या विजेतली बचत 0.6 ते 14.5 टक्के अशी निघाली. झाडोरा आणि मातीची जाडी बदलली की आकडा बदलतो. वीस मजली टॉवरमध्ये छप्पर एकाच मजल्याला लागून असतं, तिथे उरलेल्या एकोणीस मजल्यांना काय मिळणार? पूर रोखण्याचा दावा तर आपल्याकडे जवळजवळ सोडूनच द्यावा. 10 सेंटिमीटरचा थर 30-40 मिलिमीटर पाऊस धरू शकतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, आणि जुलैत माती आधीच तुडुंब असते.

मग पांढरा रंग का नको? केवळ उष्णतेचा प्रश्न असेल तर पांढरा रंग किंवा चायना मोझॅक स्वस्तात काम करतो आणि वजन वाढवत नाही, हे बागप्रेमींनी मोकळेपणाने कबूल करावं. रंगावर धूळ आणि शेवाळ बसतं, दर काही वर्षांनी हात मारावा लागतो, एवढीच त्याची खोट. चाळिशी ओलांडलेल्या, भार न पेलणाऱ्या इमारतींसाठी माझी पसंती तीच. सलग बागेचा खर्च वसूल होतो तो बसक्या, पसरट छपरांवर: शाळा, मंडया, एसटीचे डेपो, पालिकेची कार्यालयं. तिथे छप्पर मोठं, मजले कमी आणि मालक एकच. जूनपूर्वी पाइपाच्या जाळ्या कोण साफ करणार यावरून सभेत तीन तास वादही होत नाही. पुढच्या लेखांकात भिंतींवरच्या वेलींकडे वळू.